पाटी आणि पावती



गेल्या अक्षय तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्यांचा कार्यक्रम आटोपून आम्ही सारे इंदापूरला माझ्या धाकट्या बंधूंच्या घरी जमलो होतो. दारात नवी कोरी डिझेल गाडी उभी होती. वहिनींनी तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले, श्रीफळ ठेवले, सर्वांनी नवकार म्हटला आणि पाचव्या मिनिटाला घरात वाद सुरू झाला. पहिली टाकी कोणत्या पंपावर भरायची?

पुतण्याचे म्हणणे असे, की नव्या गाडीला परदेशी कंपनीचेच डिझेल हवे. पुण्याला महिन्यातून दोनदा जाणे होतेच, तेव्हा तिथे भरावे. जावयांचे मत पडले, की पंप कोणताही असो, पण लिटरमागे चार-पाच रुपये जास्त घेतात ते खास डिझेल घालावे, इंजिन स्वच्छ राहते. बंधू मात्र ठाम होते. ज्या पंपावर दुकानाच्या टेम्पोचे खाते तीस वर्षे चालू आहे, तिथेच गाडी जाईल. "आपलीच माणसे आहेत ती. नवी गाडी दुसरीकडे उभी राहिलेली दिसली तर काय म्हणतील?" शेवटी निवाड्याचे काम माझ्याकडे आले. "काका, बँकेत आयुष्यभर वाहनकर्जे दिलीत, आता तुम्हीच सांगा."

मी सांगितले, "सगळ्यांचे डिझेल सारखेच असते. जवळ पडेल तिथे भरा."

उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. राहिलेल्या अर्ध्या भागाची किंमत पुढे बंधूंनी मोजली. म्हणून या वेळचा लेखांक या विषयावर.

बरोबर असलेला भाग

पंपांवरच्या ज्या पाट्या आज आपल्याला वेगवेगळी घराणी वाटतात, त्यांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. एस्सो या परदेशी कंपनीचा भारतातील व्यवसाय सरकारने १९७४ मध्ये ताब्यात घेतला आणि त्यातून हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली. १९७६ मध्ये बर्मा शेलची पाळी आली. तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइल पहिल्यापासून सरकारी. अलीकडच्या काळात नायरा, शेल आणि रिलायन्स व ब्रिटनची बीपी यांची जिओ-बीपी या खासगी कंपन्यांच्या पाट्याही रस्त्यांवर दिसू लागल्या.

पाट्या अनेक असल्या तरी मालाची कसोटी एकच आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १४६० हे मानक वाहनांच्या डिझेलसाठी आहे आणि ते प्रत्येक कंपनीला पाळावेच लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे इंधन मिळू लागले. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांहून अधिक चालत नाही. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती आणि त्याही आधीच्या बीएस-३ मध्ये ३५०. डिझेल किती चटकन पेट घेते याचे माप म्हणजे सीटेन अंक. तो किमान ५१ असावा लागतो. गंधक काढले की डिझेलचा वंगणगुण कमी होतो, म्हणून तो भरून काढणारे द्रव्यही घालावे लागते. तात्पर्य, ज्याला आपण 'साधे' डिझेल म्हणतो तेसुद्धा बरेच संस्कार होऊन आलेले असते.

शिवाय सरकारी तेलकंपन्या एकमेकींच्या कारखान्यांतून आणि साठवण केंद्रांतून मालाची देवघेव करतात. वाहतुकीचा खर्च वाचतो. हिंदुस्तान पेट्रोलियमची वाहिनी मुंबईहून निघून पुण्याजवळ लोणी काळभोरला येते आणि पुढे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत जाते. लोणी काळभोरला इतर सरकारी कंपन्यांचेही साठे आहेत. आपल्या बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर धावणारे टँकर अशाच केंद्रांतून भरून येतात. एकाच गिरणीची डाळ चार पेढ्यांच्या छापाच्या पोत्यांतून बाजारात यावी, तसा हा प्रकार. व्यापारी घरांना तो अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता जावयांचा मुद्दा. इंडियन ऑइलचे एक्स्ट्राग्रीन किंवा शेलचे व्ही-पॉवर यांसारख्या डिझेलमध्ये सफाई करणारी द्रव्ये अधिक असतात. जिओ-बीपीने २०२३ मध्ये अशी द्रव्ये घातलेले डिझेल जादा दर न घेता देण्यास सुरुवात केली. या द्रव्यांचा काहीच उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. इंजेक्टरवर साचणारा मळ त्यांनी कमी होतो. परंतु जेथे जादा पैसे मोजायचे असतील तेथे हिशेब मांडावा. समजा, गाडी वर्षाला १८,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. म्हणजे वर्षाला १,२०० लिटर डिझेल लागले. दर ९० रुपये धरला तर खर्च १,०८,००० रुपये. लिटरमागे ५ रुपये जादा दिले तर वर्षाचे ६,००० रुपये वाढले. हे पैसे केवळ इंधनबचतीतून परत मिळायचे असतील तर गाडीने १५ ऐवजी १५.८ किलोमीटरहून अधिक द्यायला हवे, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढ. चाकांतील हवा, वातानुकूलन, गाडीतील ओझे आणि चालकाचा पाय यांमुळे एवढा फरक आठवड्या-आठवड्याला पडत असतो. म्हणून वाढ खरोखर झाली की नाही, हे टाकी पूर्ण भरून, सलग तीन-चार वेळा नोंद ठेवल्याशिवाय कळणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत निर्मात्याने काय लिहिले आहे तेही वाचावे. बंधूंच्या गाडीच्या पुस्तिकेत बीएस-६ डिझेल एवढीच अट होती.

आणखी एक गोष्ट पाटीशी निगडित नाही, पण आपल्या घरांशी आहे. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी वेळोवेळी आतल्या आत जाळली जाते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. ज्यांची गाडी घर, दुकान आणि मंदिर एवढ्याच दोन किलोमीटरांत फिरते, त्यांची जाळी तुंबते आणि दिवा लागतो. मग दोष डिझेलला दिला जातो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास फिरवून आणणे हा कोणत्याही खास डिझेलपेक्षा खात्रीचा उपाय आहे. ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी डिझेल गाडी घेण्यापूर्वीच विचार करावा.

राहिलेला भाग

इंदापूर तालुक्याचे मोटारीशी नाते जुने आहे. वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आमच्या वडिलांची पहिली गाडी त्याच कारखान्यातली. तिला इंधन कुठले घालावे हा प्रश्न घरात कधी निघाल्याचे आठवत नाही. वाटेत लागेल तो पंप आपला. त्या काळची इंजिने बरेच सोसत. आजच्या डिझेल इंजिनात इंधन वातावरणाच्या दीड-दोन हजार पट दाबाने, केसाच्या जाडीशी तुलना व्हावी अशा बारीक छिद्रांतून फवारले जाते. त्यात पाण्याचा अंशही चालत नाही.

पर्युषण सुरू होण्यास चार दिवस होते. उजनीच्या काठाने दोन दिवस झोडपून पाऊस झाला होता. बंधूंनी संध्याकाळी नेहमीच्या पंपावर टाकी भरली आणि सकाळी डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला निघाले. भिगवणच्या अलीकडे गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. ओढून नेलेल्या गाडीच्या टाकीतून अधिकृत सेवा केंद्राने बरणीभर डिझेल काढले. थोड्या वेळाने बरणीच्या तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसू लागला. इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप बदलण्याचा खर्च १,३८,००० रुपये. गाडीला पाच महिने झालेले नव्हते, परंतु अशुद्ध इंधनाने झालेली हानी हमीत बसत नाही, असे लेखी उत्तर मिळाले. पुस्तिकेतही तसेच लिहिलेले होते.

मी पहिला प्रश्न विचारला, "पावती कुठे आहे?"

पावती नव्हती. खाते असल्यामुळे प्रत्येक वेळी पावती घेण्याची पद्धतच नव्हती. महिन्याच्या शेवटी एकत्र रकमेचा कागद येई. त्या संध्याकाळी, त्या यंत्रातून, इतके लिटर डिझेल या गाडीत पडले, हे सांगणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता. मी बँकेत असताना कागदाविना कर्ज मागणाऱ्या किती जणांना परत पाठवले असेल! आणि माझ्याच घरी हा प्रकार.

मी बंधूंना घेऊन पंपावर गेलो. तो कोणत्या रस्त्यावर आहे, कोणाचा आहे, हे येथे सांगण्याचे कारण नाही. मालक सज्जन गृहस्थ. चहा मागवला, आस्थेने चौकशी केली आणि म्हणाले, "अहो, आमच्याकडे रोज शेकड्याने गाड्या भरतात, तुमचीच कशी बंद पडेल?" मी नोंदवही पाहायला मागितली. पंपावर रोज सकाळी टाकीतील डिझेलची घनता मोजून लिहावी लागते आणि टाकीच्या तळाशी पाणी आहे का, हे मोजपट्टीला विशिष्ट लेप लावून तपासावे लागते. त्यांनी वही पुढे केली. आठवड्याच्या सातही दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरक्या वळणात, एका बैठकीत लिहिलेल्या होत्या. पाण्याच्या रकान्यात सात वेळा शून्य. बँकेच्या तपासणीत अशी पाने मी पुष्कळ पाहिली आहेत. मी काही बोललो नाही. वही मिटून परत दिली.

घरी आल्यावर मी म्हणालो, तक्रार करू. तेलकंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे, आणि गरज पडल्यास ग्राहक आयोगाकडेही. बंधूंनी हात जोडले. "दादा, पर्युषण सुरू होतेय. उद्या संवत्सरीला ते क्षमापनेसाठी दारात येतील. कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर उभा राहू? पैसे गेले ते गेले. मी त्यांना क्षमा केली."

त्या आठ दिवसांत मला याच वाक्याचा विचार पुन्हा पुन्हा करावा लागला. बंधूंची भावना खोटी नव्हती. मनातला राग सोडणे हीच क्षमापना, आणि ती त्यांनी खरोखर केली. परंतु त्या टाकीच्या तळाशी पाणी अजून होते. आमच्यानंतर त्याच यंत्रावर एखादा शेतकरी उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर उभा करणार होता, एखादा तरुण हप्त्यावर घेतलेला टेम्पो भरणार होता. आम्ही क्षमा आमच्या नुकसानीची करू शकतो. त्यांच्या नुकसानीची करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

आपल्या शास्त्रांनी हा विषय व्यापाऱ्याच्या अगदी जवळ आणून ठेवला आहे. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापात कमी-अधिक करणे आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे चांगल्या मालात हलका माल मिसळणे, हे दोन्ही आहेत. पावसाचे पाणी झिरपणे ही भेसळ नव्हे, निष्काळजीपणा आहे; हा भेद मी मानतो. पण न पाहता शून्य लिहिणे हे काय आहे, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

इंधनाच्या शुद्धतेसाठी या देशात माणसांनी प्राण दिले आहेत. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची, भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केल्याबद्दल, गोळ्या घालून हत्या झाली. आपल्या महाराष्ट्रात २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्या टोळीने जिवंत जाळले. त्यांच्या तुलनेत आपल्यावर कसली वेळ आली आहे? एका ओळखीच्या माणसाला चार वाक्ये सांगण्याची!

संवत्सरी झाली. मालक आले, क्षमापना झाली. दोन दिवसांनी बंधू आणि मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. बंधूच बोलले, आणि चांगले बोलले. "आम्हाला पैसा नको. पण टाकी तपासून घ्या. आणि पंपावरच्या तक्रारवहीत आम्ही आज लिहून जाणार आहोत. राग नाही, पण लिहिणार." मालकांचा चेहरा उतरला. तीस वर्षांच्या संबंधांचा दाखला त्यांनी दिला. बंधूंनी वहीत सात ओळी लिहिल्या, सही केली आणि आम्ही निघालो.

दिवाळीपर्यंत त्या घराशी बोलणे थांबले होते. पुढे कळले, की टँकर रिकामा करतात त्या तोंडाचे झाकण आणि भोवतीचा चौथरा त्यांनी नव्याने करून घेतला, टाकीही साफ केली. चूक झाली असे ते आजतागायत म्हणालेले नाहीत. मात्र आता खात्यावरच्या प्रत्येक गाडीला त्यांच्या पंपावर छापील पावती मिळते.

वाचकांसाठी काही सूचना

अनुभवातून आणि नंतर केलेल्या चौकशीतून जे उमगले ते थोडक्यात मांडतो.

पाटीची निवड करण्यात वेळ घालवू नये. पंपाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. जिथे विक्री भरपूर आहे, टाकी वरचेवर रिकामी होऊन भरते, नोंदी मागताच दाखवल्या जातात, तो पंप चांगला. शक्यतो एक-दोन पंपच ठरवावेत, म्हणजे काही बिघडले तर शोध सोपा जातो.

प्रत्येक वेळी पावती घ्यावी, खाते असले तरी. तारीख, वेळ, लिटर, यंत्राचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक तिच्यावर असावा. पावतीची शाई उडते, म्हणून मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे.

मापाची शंका आली तर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप मागावे. ते पंपावर असलेच पाहिजे आणि वैधमापन विभागाकडून तपासलेले असले पाहिजे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. घनता पाहण्याचाही ग्राहकाला अधिकार आहे. मालाच्या चलनावरील घनतेपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून अधिक फरक असेल तर शंकेस जागा आहे. मात्र पाणी डिझेलमध्ये मिसळत नाही, तळाशी बसते. म्हणून घनता बरोबर असूनही तळाशी पाणी असू शकते. मोठ्या पावसानंतर, किंवा टँकर नुकताच रिकामा होत असताना डिझेल भरू नये. तळ ढवळला जातो.

सकाळच्या गारव्यात डिझेल अधिक मिळते, किंवा हजारऐवजी एक हजार दहा रुपयांचे भरले की माप चुकत नाही, या समजुतींवर विसंबू नये. टाक्या जमिनीखाली असतात, त्यांतील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. आणि माप चोरायचेच असेल तर ते कोणत्याही आकड्यावर चोरता येते.

महामार्गाच्या कडेला बायोडिझेल म्हणून किंवा कॅनमधून स्वस्त दराने मिळणारे इंधन नव्या गाडीत चुकूनही घालू नये. तिथे मानकही नाही आणि पावतीही नाही.

गाडी आचके देऊ लागली किंवा पाण्याचा इशारा देणारा दिवा लागला, तर पुढच्या गावापर्यंत नेण्याचा मोह टाळून इंजिन लगेच बंद करावे. टाकीतील नमुना आपल्यासमोर दोन बाटल्यांत काढून मोहोरबंद करून घ्यावा, सेवा केंद्राकडून लेखी अहवाल घ्यावा आणि त्याच दिवशी पंपाला व तेलकंपनीला लेखी कळवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे वकिलाशिवायही दाद मागता येते. पण तिथे ओळख चालत नाही, कागद चालतो.

दुरुस्तीचे सारे पैसे बंधूंनी स्वतःच भरले. पुतण्याने गाडीत एक लहान वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, लिटर आणि पंप असे चार रकाने त्याने स्वतः आखले आहेत. मागच्या रविवारी मी ती चाळली. अलीकडच्या बहुतेक नोंदी त्याच जुन्या पंपाच्या होत्या. मी काही विचारण्याआधीच बंधू म्हणाले, "दादा, तिथली टाकी आता कोणती आहे, आणि कशी आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. दुसरीकडचे कुठे ठाऊक आहे?"

पुढील लेखांकात वाहनविम्याच्या नूतनीकरणाविषयी.